ग्रंथपेटीपासून नोडपर्यंत : विकेंद्रित फाइलसाठवण आणि तिचा डॅशबोर्ड

बडोदे संस्थानचे अधिपती महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९१० साली विल्यम अलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले आणि संस्थानातील ग्रंथालयांच्या उभारणीचे काम त्याच्या स्वाधीन केले. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात होऊन १९०६ पासून तो सर्व संस्थानास लागू झालेला होता. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलामुलींना पुढे वाचावयास काही मिळाले नाही तर गिरविलेली अक्षरेही पुसली जातील, हे ओळखूनच ही पुढची पायरी बांधण्यात आली. बॉर्डन १९१३ पर्यंत बडोद्यास होते. तेवढ्या अवधीत मध्यवर्ती ग्रंथालय आकारास आले, १९११ मध्ये ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग सुरू झाला आणि खेड्यांतील वाचनालयांसाठी खर्चाची त्रिभागी पद्धत रूढ झाली : एक वाटा गावकऱ्यांचा, एक पंचायतीचा आणि एक संस्थानचा. जेथे वाचनालय नव्हते तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठविण्यात येत. गावाने पेटी ठेवून घ्यावी, वाचावी आणि परत करावी. पुढे जनार्दन सखाराम कुडाळकर आणि न्यूटन मोहन दत्त यांनी हे कार्य नेटाने चालविले.

या व्यवस्थेची एक बाजू आजच्या विषयाच्या दृष्टीने ध्यानात घेण्याजोगी आहे. पुस्तके एका ठिकाणी कोंडलेली नव्हती. ती संस्थानभर विखुरलेली होती. परंतु कोठे काय आहे याची नोंद मात्र एके ठिकाणी बसून पाहावी लागे. पुस्तके ठेवणारी पेटी वेगळी आणि पेट्यांची नोंदवही वेगळी. नोंदवही हाती आहे म्हणून पुस्तके हाती आहेत असे होत नाही, आणि नोंदवही हरवली म्हणून पेटीतील पुस्तके नाहीशी होत नाहीत.

संगणकाच्या विकेंद्रित फाइलसाठवणीत पेटीच्या जागी ‘नोड’ असतो आणि नोंदवहीच्या जागी ‘डॅशबोर्ड’. शाळा, ग्रामपंचायत, वाचनालय किंवा एखादा जिज्ञासू नागरिक आपल्या स्वतःच्या संगणकावर असा नोड चालवू शकतो. त्याला टेबलावरील संगणकाचा डॅशबोर्ड कसा जोडावा, जोडणी का अडते, आणि जोडणी झाल्यावरही कोणती जबाबदारी शिल्लक राहते, हे या लेखात सांगावयाचे आहे.

एकच प्रत, एकच जागा

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर नदीकाठच्या कोणत्याही गावाला ठाऊक आहे. पावागडाच्या डोंगरात उगम पावणारी आणि मगरींच्या वस्तीमुळे प्रसिद्ध असलेली विश्वामित्री नदी वडोदरा शहराच्या मध्यातून वाहते. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात झालेल्या अतिवृष्टीने आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस तिच्या पुराने शहराचे मोठे भाग जलमय झाले. महाराष्ट्रात १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटल्यावर पुण्यात कोणते कागद भिजले आणि कोणते वाचले, याच्या आठवणी जुन्या घरांतून अद्याप सांगितल्या जातात. पूर येतो तेव्हा तळमजल्यावरील कपाट आणि तळमजल्यावरील संगणक यांत तो भेद करीत नाही.

पूर नसला तरी कसर असतेच. कागदाला वाळवी लागते, तशी संगणकाची तबकडी एके दिवशी मुकाट्याने बंद पडते. संकेतस्थळावर ठेवलेली फाइल सुरक्षित आहे असे पुष्कळांना वाटते. परंतु संकेतस्थळाचे भाडे थकले, कंत्राट बदलले किंवा नव्या अधिकाऱ्याने मांडणी बदलली की जुन्या पत्त्यावर काही सापडत नाही. फाइल कोठे तरी असेलही, पण तिच्याकडे जाण्याची वाट मोडलेली असते.

पत्ता जागेचा की मजकुराचा?

प्रचलित इंटरनेटवर पत्ता असतो तो जागेचा. ‘अमुक यंत्रावरील अमुक कप्प्यातील अमुक फाइल’ असे त्याचे स्वरूप असते. विकेंद्रित साठवणीच्या ज्या पद्धतीचा येथे विचार करावयाचा आहे ती पद्धत, म्हणजे आयपीएफएस, पत्ता देते तो मजकुराला. हुआन बेनेट यांनी २०१४ मध्ये तिची रूपरेषा मांडली आणि ती कोणासही विनामूल्य वापरता येते. नोड चालविण्यासाठी सर्वाधिक प्रचलित असलेला तिचा प्रोग्राम ‘कुबो’ या नावाने ओळखला जातो. २०२२ पूर्वी त्याचे नाव ‘गो-आयपीएफएस’ असे होते. जुन्या पाठांतून तेच नाव आढळल्यास वाचकांनी गोंधळून जाऊ नये.

फाइल नोडमध्ये घातली की तिचे लहान लहान तुकडे केले जातात. प्रत्येक तुकड्यावर एक गणिती क्रिया होऊन त्याचा ठसा तयार होतो आणि सर्व ठशांवरून अखेर संपूर्ण फाइलचा एक ठसा निघतो. या ठशाला ‘सीआयडी’ म्हणतात. तो अक्षरे आणि आकडे यांची लांबलचक ओळ असतो. मनुष्याच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणे तो मजकुराची ओळख पटवितो. मजकुरातील एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा निराळा होतो. उलट, तीच फाइल तुकडे करण्याची पद्धत न बदलता वडोदऱ्यातील एका संगणकावर आणि नाशिकमधील दुसऱ्या संगणकावर घातली तर दोन्हीकडे तोच ठसा निघतो.

यातून दोन लाभ होतात. मागणी करणारा ‘अमुक यंत्रावरून द्या’ असे न म्हणता ‘हा ठसा ज्याच्याजवळ असेल त्याने द्यावा’ असे म्हणतो. म्हणून एक यंत्र बंद असले तरी दुसरे देऊ शकते. शिवाय मिळालेल्या फाइलचा ठसा पुन्हा काढून पडताळता येतो. मध्येच कोणी अक्षर फिरविले असल्यास ते तत्काळ उघड होते. जुन्या दस्तऐवजांच्या बाबतीत हा दुसरा लाभ पहिल्याहून कमी मोलाचा नाही.

येथे एक खुलासा हवा. एकाच ग्रंथाची दोघांनी स्वतंत्रपणे छायाचित्रे घेतली तर त्या दोन भिन्न फाइली होत आणि त्यांचे ठसेही भिन्नच येणार. ठसा फाइलचा असतो, ग्रंथाचा नव्हे. ग्रंथाचे नाव, लेखक, वर्ष आणि विषय यांची सूची माणसालाच करावी लागते. बॉर्डन यांनी बडोद्यासाठी ड्यूई आणि कटर यांच्या पद्धतींचा मेळ घालून वर्गीकरण तयार केले होते. त्या जातीचे काम यंत्र आपल्या अंगावर घेत नाही.

नोडाची तीन दारे

कुबो चालू केला की तो संगणकावर तीन निरनिराळ्या कामांसाठी तीन ‘पोर्ट’ उघडतो. यांना दारे म्हटले तर विषय सुलभ होईल.

४००१ क्रमांकाचे दार रस्त्यावर उघडते. जगातील इतर नोड याच दाराने येतात, तुकडे मागतात आणि देतात. ८०८० क्रमांकाचे दार वाचकांसाठी आहे. ब्राउझरमध्ये ठसा दिला की या दारातून फाइल पाहावयास मिळते. ५००१ क्रमांकाचे दार मात्र घरधन्याचे आहे. फाइल घालणे, काढणे, नोडाची मांडणी बदलणे, तो बंद करणे हे सर्व हुकूम या दारातून जातात. डॅशबोर्ड जोडावयाचा तो याच दाराला.

नव्याने बसविलेल्या नोडात हे ५००१ चे दार केवळ ‘१२७.०.०.१’ या पत्त्यावर उघडे असते. हा पत्ता म्हणजे ‘हाच संगणक’. शेजारच्या खोलीतील संगणकासही त्या दाराने आत येता येत नाही. ही अडचण नसून संरक्षण आहे. डॅशबोर्ड जोडताना होणाऱ्या बहुतेक चुका याच संरक्षणाला अडचण समजल्याने होतात.

एकाच संगणकावरील जोडणी

नोड आणि डॅशबोर्ड एकाच संगणकावर असतील तर काम सोपे आहे. नोड चालू असताना ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ हा पत्ता, विसर्गचिन्ह, ५००१ आणि त्यापुढे तिरप्या रेघेनंतर ‘वेबयूआय’ हे नाव इंग्रजी लिपीत दिले की नोड स्वतःच आपला डॅशबोर्ड दाखवितो. त्यात पाच प्रमुख पाने आढळतात : स्टेटस, फाइल्स, एक्सप्लोर, पीअर्स आणि सेटिंग्ज. पहिल्या पानावर नोड जोडलेला आहे की नाही, किती साठा आहे आणि नोडाची ओळख काय हे दिसते. पीअर्सच्या पानावर या क्षणी कोणकोणत्या देशांतील नोडांशी संबंध आहे हे नकाशावर दिसते. शाळेत हा नकाशा एकदा मुलांना अवश्य दाखवावा. भूगोलाच्या पुस्तकातील नकाशाकडे न वळणारी मुले याच्याकडे वळतात.

ज्यांना हुकूम टंकलिखित करण्याची सवय नाही त्यांच्यासाठी ‘आयपीएफएस डेस्कटॉप’ हा प्रोग्राम आहे. तो विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो आणि त्यात हाच डॅशबोर्ड असतो. मात्र त्याच्या पोटात एक स्वतंत्र कुबो नोडही असतो, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

समजा, वाचनालयातील एका संगणकावर नोड आधीपासून चालू आहे आणि त्यात जुन्या अंकांची छायाचित्रे घातलेली आहेत. ग्रंथपालाने आपल्या टेबलावरील संगणकावर डेस्कटॉप बसविला, उघडला, आणि पाहतो तो फाइल्सचे पान रिकामे! घाबरण्याचे कारण नाही. तो पाहत आहे तो डेस्कटॉपचा स्वतःचा, नुकताच जन्मलेला नोड. जुना नोड आपल्या जागी सुखरूप आहे. प्रत्येक नोडाला ‘पीअर आयडी’ नावाची कायमची ओळख असते. मूळ नोडाची ती ओळ आधीच कागदावर उतरवून ठेवावी आणि डॅशबोर्डच्या स्टेटस पानावरील ओळीशी ताडून पाहावी. दोन्ही जुळल्या तरच आपण योग्य पेटी उघडली असे समजावे. ही एक मिनिटाची तपासणी न केल्याने दुसऱ्याच नोडात फाइली भरत बसण्याचे प्रकार घडतात.

दोन्ही नोड एकाच संगणकावर चालविले तर आणखी एक अडचण संभवते : दोघांनाही ५००१ हेच दार हवे असते. अशा वेळी एकाचा पोर्ट मांडणीच्या फाइलमधून बदलावा. मात्र एकच साठाघर दोन नोडांना देऊ नये. नोड चालू असताना तो आपल्या साठ्याला कुलूप लावतो आणि दुसऱ्याला आत येऊ देत नाही, ते योग्यच आहे.

जोडणी अडते तेव्हा

डॅशबोर्ड निराळ्या पत्त्यावरून उघडलेला असेल तर सेटिंग्जच्या पानावर ‘एपीआय पत्ता’ भरण्याची जागा असते. तेथे नोडाचा पत्ता विशिष्ट रीतीने लिहावा लागतो : प्रथम ‘आयपी४’, मग १२७.०.०.१, मग ‘टीसीपी’, मग ५००१. प्रत्येकाच्या आधी तिरपी रेघ. तरीही जोडणी न झाल्यास लक्षणावरून कारण ओळखता येते.

संगणकाने ‘जोडणी नाकारली’ असे कळविले तर त्या दाराशी कोणी ऐकणाराच नाही, असा त्याचा अर्थ. नोड बंद असेल किंवा पोर्ट निराळा असेल.

४०५ हा आकडा दिसला तर नोड जिवंत आहे आणि दारही योग्य आहे. फक्त हुकूम ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीतून दिला गेला. २०२० पासून हे दार तशा साध्या विचारणेला उत्तर देत नाही. डॅशबोर्ड ज्या रीतीने बोलतो त्या रीतीनेच बोलावे लागते. म्हणून ४०५ हे अपयशाचे चिन्ह समजू नये.

४०३ हा आकडा दिसला, किंवा ब्राउझरने ‘मूळ पत्त्यास परवानगी नाही’ अशा आशयाचा संदेश दिला, तर मात्र विषय परवानगीचा आहे. ब्राउझरमध्ये एकाच वेळी अनेक पाने उघडी असतात. त्यांपैकी एखाद्या अनोळखी पानाने गुपचूप आपल्या नोडाला हुकूम देऊ नयेत, म्हणून नोड प्रत्येक मागणीबरोबर ती कोणत्या पत्त्यावरील पानातून आली हे पाहतो. ज्या पत्त्याचे नाव यादीत नाही त्याला तो परत पाठवितो. कचेरीतील शिपायाजवळ भेटीस येणाऱ्यांची यादी असते, तशीच ही. डॅशबोर्डचा पत्ता त्या यादीत घालण्याची सोय मांडणीच्या फाइलमधील ‘एपीआय’ या विभागात आहे.

यादीत पत्ता लिहिताना तो तंतोतंत लिहावा. सुरुवातीचा ‘एचटीटीपी’ की ‘एचटीटीपीएस’, पुढील नाव आणि शेवटचा पोर्ट क्रमांक हे तिन्ही जुळले पाहिजेत, आणि शेवटी तिरपी रेघ असता कामा नये. ‘लोकलहोस्ट’ आणि ‘१२७.०.०.१’ या दोन्ही नावांचा अर्थ ‘हाच संगणक’ असा असला तरी ब्राउझर त्यांना दोन भिन्न गृहस्थ मानतो. म्हणून दोन्ही नावे लिहावीत. बदल केल्यानंतर नोड बंद करून पुन्हा चालू करावा, कारण तो आपली मांडणी केवळ सुरू होतानाच वाचतो.

कंटाळून काही जण यादीत पत्त्याच्या जागी केवळ तारांकन घालतात. त्याचा अर्थ ‘कोणीही यावे’. जोडणी तत्काळ होते खरी, पण हा उपाय दाराचे कुलूप अडले म्हणून दारच काढून ठेवण्यासारखा आहे.

नोड दुसऱ्या खोलीत किंवा दुसऱ्या गावी असेल तर

प्रत्यक्षात असेच अधिक घडते. नोडाचा संगणक अखंड चालू राहावा म्हणून तो वरच्या मजल्यावर, विजेच्या राखीव बॅटरीजवळ ठेवलेला असतो आणि काम करणारी व्यक्ती खाली टेबलाशी असते. अशा वेळी ५००१ चे दार ‘०.०.०.०’ या पत्त्यावर उघडावे, म्हणजे कोठूनही जोडता येईल, असा सल्ला सर्रास दिला जातो. हा सल्ला मानू नये. चार शून्यांचा हा पत्ता म्हणजे ‘यंत्राच्या सर्व बाजू’. राउटरनेही वाट मोकळी करून दिलेली असेल तर जगातील कोणीही परका मनुष्य आपला नोड आपल्याच अधिकाराने चालवू शकतो : फाइली काढू शकतो, नको त्या घालू शकतो. आणि त्या आक्षेपार्ह असल्या तर विचारणा होते ती नोडाच्या मालकाकडे.

योग्य मार्ग म्हणजे ‘एसएसएच’ या प्रचलित साधनाने दोन संगणकांमध्ये एक बंदिस्त बोगदा तयार करणे. टेबलावरील संगणकाच्या एका पोर्टात, उदाहरणार्थ ५००२ मध्ये, जे शिरेल ते बोगद्यातून जाऊन वरच्या मजल्यावरील नोडाच्या ५००१ दाराशी निघते. नोडाला वाटते, विचारणारा घरातलाच आहे. आणि वाटेत कोणाला काही ऐकू जात नाही. डॅशबोर्डमध्ये पत्ता द्यावयाचा तो १२७.०.०.१ हाच, पोर्ट मात्र ५००२. बोगद्याचे तोंड ५००२ वर असल्यामुळे त्या क्रमांकासह पत्ता परवानगीच्या यादीत घालावयास विसरू नये. बोगदा होऊनही ४०३ येतो तो बहुधा याच कारणाने. कुबोच्या अलीकडील आवृत्त्यांत ५००१ च्या दारासाठी परवलीचा शब्द ठेवण्याची आणि कोणास कोणते हुकूम देता येतील हे ठरविण्याची सोयही आहे. एकाच नोडावर अनेक कर्मचारी काम करीत असतील तेथे तिचा उपयोग करावा.

४००१ च्या दाराची गोष्ट उलटी आहे. ते बाहेरच्यांसाठी मोकळे असेल तितके बरे. परंतु आपल्याकडील अनेक जोडण्यांत एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटून दिलेला असतो आणि बाहेरून आलेल्याला आपले दार सापडत नाही. इतर नोडांच्या मध्यस्थीने संबंध जोडण्याची योजना या पद्धतीत आहे, तरी तिचा वेग बेताचाच. ज्या संस्थेजवळ स्वतंत्र सार्वजनिक पत्ता आहे, तिचा नोड अशा मंडळीत अधिक उपयोगी पडतो.

विखुरलेले म्हणजे सुरक्षित नव्हे

आता या विषयातील सर्वांत मोठ्या गैरसमजाकडे वळावयाचे. डॅशबोर्ड जोडला, फाइल आत टाकली, ठसा मिळाला, नकाशावर शेकडो नोड दिसले. म्हणजे आपली फाइल त्या शेकडो ठिकाणी पोहोचली, असे नव्या माणसाला वाटते. तसे मुळीच होत नाही. फाइल केवळ त्याच्या स्वतःच्या नोडावर असते. नोड जगाला एवढेच जाहीर करतो की ‘हा ठसा माझ्याजवळ आहे’, आणि ही घोषणा ठरावीक काळाने पुनःपुन्हा करीत राहतो. कोणी मागितल्याखेरीज एकही तुकडा हलत नाही. ज्याने मागितला त्याच्याजवळ तो काही काळ राहतो; पुढे जागेची सफाई होते तेव्हा निघून जातो. मूळ नोड बंद पडला आणि अन्य कोणाजवळ प्रत नसली तर ठसा हाती राहील, फाइल मिळणार नाही.

सफाईतून फाइल वाचविण्याच्या क्रियेला ‘पिन’ करणे म्हणतात. कागद टाचणीने लावून ठेवावा तसे ते आहे. डॅशबोर्डच्या फाइल्स पानावर ठेवलेली फाइल आपल्या नोडाच्या सफाईत जात नाही; परंतु दुसऱ्या संस्थेने ती राखावी असे वाटत असेल तर त्या संस्थेच्या माणसाने आपल्या नोडावर, आपल्या हाताने तो ठसा पिन केला पाहिजे. येथे बडोद्याच्या त्रिभागी पद्धतीची आठवण होते. संस्थान पैसे देण्यास सिद्ध होते. पण गावाने आपला वाटा उचलल्याशिवाय वाचनालय उभे राहत नव्हते.

ज्या वेळी अनेकांनी असा वाटा उचलला त्याचे एक उदाहरण जगासमोर आहे. तुर्कस्तानात २९ एप्रिल २०१७ रोजी विकिपीडियावर बंदी आली. त्यानंतर थोड्याच दिवसांत तुर्की विकिपीडियाची एक प्रत आयपीएफएसवर ठेवण्यात आली आणि स्वयंसेवकांना ती आपापल्या नोडांवर राखण्याचे आवाहन करण्यात आले. जानेवारी २०२० मध्ये बंदी उठली. ही प्रत म्हणजे एका विशिष्ट दिवसाचे छायाचित्र होते; ती रोजच्या रोज बदलणारी नव्हती. ही या पद्धतीची मर्यादाही आहे आणि गुणही.

जागेचाही हिशेब आधीच करावा. फाइल नोडात घातली म्हणजे नोड आपल्या साठ्यात तिची तुकड्यांच्या रूपाने वेगळी प्रत करतो. मूळ फाइल तिच्या जागी राहतेच. एक गिगाबाइटच्या छायाचित्रांना म्हणून सुमारे दोन गिगाबाइट जागा लागते. कुबो साठ्यासाठी आरंभी दहा गिगाबाइटची मर्यादा धरतो. ती मांडणीतून वाढविता येते, पण वाढवावयाची आहे हे आधी ठाऊक असावे लागते.

काय ठेवावे, काय ठेवू नये

बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरात हजारो हस्तलिखिते आहेत. १९१६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने अनेक दुर्मिळ संहिता छापील रूपात आणल्या, आणि वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती तेथेच १९७५ साली पूर्ण झाली. एका पोथीच्या अनेक प्रती अनेक गावी असल्या की पाठ पडताळता येतो, ही गोष्ट पोथ्या जमविणाऱ्या विद्वानांना संगणकाच्या कितीतरी आधी ठाऊक होती. परंतु दुर्मिळ साहित्याच्या प्रती बाहेर देण्याचा अधिकार ज्या त्या संस्थेचा आहे. तिच्या संमतीवाचून ती नोडावर ठेवू नयेत. छापील ग्रंथांच्या बाबतीत भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षांपर्यंत हक्क राखलेले असतात, हेही पाहावे.

गावपातळीवर ठेवण्याजोगे साहित्य पुष्कळ आहे : हक्कांची मुदत संपलेली पुस्तके, शाळेचे जुने हस्तलिखित अंक, ग्रामदैवताच्या उत्सवाची छायाचित्रे, विहिरींच्या पाण्याच्या पातळीच्या नोंदी, वृद्धांच्या मुखातून ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या. शेवटच्या बाबतीत त्या माऊलीची संमती आधी घ्यावी.

विद्यार्थ्यांच्या पटाची पाने, आधार क्रमांक, लाभार्थ्यांच्या याद्या, आजारपणाचे कागद, बँकेची पुस्तके यांपैकी काहीही या नोडावर जाता कामा नये. ठसा ज्याला ठाऊक तो फाइल मागू शकतो, आणि सार्वजनिक जाळ्यात ठसा गुप्त राहील असे गृहीत धरता येत नाही. आपल्या नोडावरून फाइल काढून टाकली तरी ज्याने एकदा प्रत घेतली त्याच्याजवळून ती परत आणण्याचा कोणताही हुकूम डॅशबोर्डवर नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झालेला आहे. परंतु कायदा नसता तरी विधवेच्या अनुदानाचा अर्ज गावभर वाटला जाऊ नये, हे कोणत्याही तलाठ्याला किंवा शिक्षकाला सांगावे लागत नाही. अडचण होते ती घाईत संपूर्ण कप्पाच आत ओढून टाकल्याने. म्हणून नोडासाठी वेगळा कप्पा ठेवावा, आणि त्यात एकेक फाइल पाहून, निवडून टाकावी.

चाचणी आणि नोंद

नोड चालविणाऱ्या दोन संस्थांनी, मग त्या एकाच तालुक्यातील असोत किंवा एक वडोदऱ्यात आणि दुसरी जळगावात असो, परस्परांचे ठसे पिन करण्याचे ठरविले तर पुढील चाचणी वर्षातून किमान एकदा, आणि शक्यतो पावसाळ्याच्या आधी घ्यावी. पहिल्या संस्थेने आपला नोड पूर्णपणे बंद करावा. मग तिसऱ्याच एखाद्या संगणकावरून, ज्यावर ही फाइल पूर्वी कधी उघडलेली नाही, ठसा देऊन फाइल मागावी. ती आली आणि उघडली तर दुसरी प्रत खरोखर जिवंत आहे. न आल्यास दुसऱ्या संस्थेकडे पिन झालेले नाही, त्यांचा नोड बंद आहे, किंवा त्यांचे ४००१ चे दार बाहेरून सापडत नाही. या तीन शक्यता याच क्रमाने तपासाव्या. आपल्याच नोडावर फाइल उघडून पाहणे ही चाचणी नव्हे, कारण ती आपल्याच साठ्यातून येते.

या सर्व व्यवहाराची एक नोंदवही कागदाची असावी. तीत फाइलचे मराठी नाव, मूळ कागद कोठे आहे, ठसा, आत घातल्याची तारीख, प्रत राखणाऱ्या संस्थेचे नाव आणि अखेरच्या चाचणीची तारीख एवढे रकाने पुरेत. ठशाची ओळ लांब असल्याने हाताने उतरविताना एखादे अक्षर चुकते. ती छापून चिकटवावी. नोंदवहीची एक प्रत नोडाच्या खोलीत न ठेवता दुसऱ्या इमारतीत, आणि तळमजल्याहून वर ठेवावी.